विखुरलेली प्लीहा

अपघातात फुटलेली प्लीहा शल्यवैद्याने काढून टाकली, जखम भरली, रुग्ण घरी जाऊन संसाराला लागला, आणि दहा-वीस वर्षांनी अगदीच निराळ्या तक्रारीसाठी त्याच्या पोटाचा सिटी स्कॅन केला असता आतड्यांच्या आवरणावर, ओटीपोटाच्या तळाशी, यकृताच्या कडेला लहानमोठ्या वाटोळ्या गाठी दृष्टीस पडल्या, असे प्रसंग वैद्यकीय वाङ्मयात वारंवार नमूद झाले आहेत. गाठी अनेक, जागोजागी पसरलेल्या आणि रक्ताने समृद्ध, एवढे पाहिल्यावर तज्ज्ञाच्या मनात पहिला विचार कर्करोगाचा यावा हे स्वाभाविक आहे. परंतु त्याच गाठी काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या की त्यांत कर्करोगाचा लवलेशही आढळत नाही. आढळते ती त्याच रुग्णाची, कित्येक वर्षांपूर्वी त्याच्या देहातून बेदखल झालेली प्लीहा. फुटते वेळी तिचे जे कण उदरात सांडले ते तेथेच रुजले, त्यांना आजूबाजूच्या भागातून रक्तपुरवठा मिळाला, आणि मूळ इंद्रिय नाहीसे झाल्यावरही त्याचे हे अंश आपल्या परीने वाढत राहिले. या अवस्थेला वैद्यकात स्प्लेनोसिस म्हणतात. हे कसे घडते, ते ओळखावे कसे, आणि अशा रीतीने उगवलेली प्लीहा माणसाचे खरोखर रक्षण करते काय, असे तीन प्रश्न तिच्यासंबंधी उपस्थित होतात. त्यांपैकी तिसरा सर्वांत कठीण आहे, आणि रुग्णाच्या जीविताशी त्याचाच संबंध सर्वांत निकटचा आहे.

प्लीहा, जिला आपल्याकडे खेड्यापाड्यांत पानथरी म्हणतात, उदराच्या डाव्या बाजूस, नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आश्रयाने, श्वासपटलाच्या खाली आणि जठराच्या मागे वसलेली असते. प्रौढ माणसात तिचे वजन सुमारे 150 ग्रॅम भरते. पण हृदय दर मिनिटास जे रक्त बाहेर टाकते त्याचा सुमारे विसावा हिस्सा या एवढ्याशा इंद्रियातून वाहतो, यावरून तिच्याकडे सोपविलेल्या कामाची कल्पना यावी. चरकसंहितेने रक्तवह स्रोतसांचे मूळ यकृत आणि प्लीहा यांच्या ठिकाणी मानले आणि उदररोगांच्या आठ प्रकारांत प्लीहोदराची स्वतंत्र गणना केली. ग्रीक परंपरेत गेलेनने ती गूढाने भरलेली आहे असे म्हणून ठेवले. आधुनिक शरीरशास्त्राने ते गूढ बरेचसे उकलले आहे. तिच्या तांबड्या गरात जुन्या, ताठरलेल्या रक्तपेशी अडकून नष्ट होतात, आणि ज्या पेशी धडधाकट आहेत पण ज्यांच्या पोटात केंद्रकाचे अवशेष किंवा अन्य निरुपयोगी कण राहून गेले आहेत त्यांच्यातून ते कण काढून घेऊन पेशी पुन्हा प्रवाहात सोडली जाते. पांढऱ्या गरात प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या पेशींची वसाहत असते. ज्या जंतूंच्या अंगावर शर्करामय कवच असते, विशेषतः न्यूमोकोकस, त्यांना रक्तातून पकडून नष्ट करण्याचे काम प्लीहेइतक्या तत्परतेने शरीरातील दुसरे कोणतेच इंद्रिय करू शकत नाही.

मात्र ती नाजूक आहे. तिचे आवरण पातळ, आतील गर मऊ आणि रक्ताने भरलेला. म्हणून पोटावर बोथट आघात झाला असता ज्या इंद्रियांना प्रथम इजा होते त्यांत तिची गणना होते. आणि हिवतापाने ती वाढली असेल तर तिचा काही भरवसाच उरत नाही. आपल्या देशाच्या इतिहासात या गोष्टीचे एक अत्यंत दुःखद प्रकरण आहे, आणि प्लीहेच्या दुखापतीचा आढावा घेताना ते वगळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. हिवतापाचे ठाणे कोठे आहे हे ओळखण्यासाठी गावातील किती माणसांची प्लीहा वाढलेली आहे ते हाताने चाचपून मोजावे, ही पद्धत याच देशात, उत्तरेकडील कालव्यांच्या प्रदेशात, डेम्प्स्टर या डॉक्टराने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रचारात आणली; म्हणजे इथल्या रयतेच्या पोटात वाढलेली प्लीहा असते हे सरकार दरबारी पुरते ठाऊक होते. पुढे गोऱ्या मालकाच्या मारहाणीत नोकर मरण पावला की शवविच्छेदनात प्लीहा फुटलेली आढळे, आणि वाढलेली प्लीहा हलक्या धक्क्यानेही फुटते, सबब आरोपीचा हेतू मारण्याचा नव्हता, असा बचाव अदालतीत पुढे येई. आग्र्याच्या फुलर नामक वकिलाने गाडी वेळेवर आणली नाही म्हणून आपल्या कटवारू नावाच्या मोतद्दाराला मारले, तो प्लीहा फुटून मेला, आणि मॅजिस्ट्रेटने फुलरला अवघा तीस रुपये दंड केला. 1876 साली लॉर्ड लिटनच्या सरकारने या निवाड्याबद्दल मॅजिस्ट्रेटवर जाहीर ठपका ठेवला, तेव्हा अँग्लो-इंडियन समाजात मोठा क्षोभ उसळला. वैद्यकीय सत्य हे न्यायाच्या कामी यावे. येथे ते अन्यायाच्या कामी आले. अशा आघातांनी जे मेले त्यांच्या प्लीहेची दप्तरात नोंद झाली. जे तशाच आघातातून वाचले असतील त्यांच्या पोटात पुढे काय घडत राहिले, हे पाहण्याचे साधन त्या काळी कोणापाशीही नव्हते.

पुढे काय घडते याचा पहिला सुगावा प्रयोगशाळेत लागला. 1883 साली ग्रिफिनी आणि तित्झोनी या इटालियन संशोधकांनी कुत्र्यांची प्लीहा काढल्यावर उदरात प्लीहेसारख्या गाठी उगवल्याचे प्रसिद्ध केले. माणसातील अशी स्थिती 1896 साली आल्ब्रेख्टने वर्णिली, 1910 साली क्युट्नरने तिच्यात भर घातली, आणि 1939 साली बुखबाइंडर व लिपकॉफ यांनी अमेरिकेत तिला आज रूढ असलेले नाव दिले. काही काळ वाद असा होता की या गाठी उदरावरणाच्या पेशींपासूनच नव्याने उत्पन्न होतात की फुटलेल्या प्लीहेच्या कणांचे ते रोपण असते. आघाताशी या गाठींचा जो सातत्याने संबंध दिसतो, आणि प्राण्यांच्या उदरात प्लीहेचे तुकडे ठेवले असता जे हमखास घडते, त्यावरून रोपणाचा पक्षच ग्राह्य ठरला.

त्या तुकड्यांचे काय होते ते पाहण्यासारखे आहे. प्लीहेचा तुकडा आपल्या रक्तवाहिनीपासून तुटून आतड्याच्या आवरणावर पडला म्हणजे पहिल्या काही दिवसांत त्याचा मध्यभाग प्राणवायूअभावी मरतो आणि गर वितळून जातो; पण कडेची एक पातळ किनार, जिला शेजारच्या पेशींतून पाझरणारे पोषण मिळते, ती तग धरते. त्या किनारीत जाळीदार तंतूंचा आणि त्यांना सांभाळणाऱ्या पेशींचा सांगाडा शिल्लक असतो. आवरणातील सूक्ष्म केशिका मग या सांगाड्यात शिरू लागतात, त्यांच्याबरोबर रक्त येते, रक्ताबरोबर लसिकापेशी येतात, आणि कडेकडून मध्याकडे असा तो तुकडा पुन्हा वसतो. आधी तांबडा गर तयार होतो, पांढरा गर त्यामागून सावकाश येतो, आणि पुष्कळदा तो अपुराच राहतो. मूळ प्लीहेला एक प्रवेशद्वार असते, तेथून एक मोठी रोहिणी आत जाते आणि तिच्या फांद्या ठराविक क्रमाने गरात पसरतात. रोपित गाठीला असे द्वार नसते, तिला भोवतालच्या आवरणातून अनेक बारीक वाहिन्या मिळेल तेथून रक्त पुरवितात. त्यामुळे तिची वाढही मर्यादित राहते. बहुतेक गाठी तीन सेंटिमीटरच्या आतच थांबतात, मात्र त्यांची संख्या एकापासून काही शेकड्यांपर्यंत असू शकते, आणि 400 पर्यंत गाठी मोजल्याच्या नोंदी आहेत. पोट उघडले असता त्या जांभळट काळ्या किंवा तांबूस निळ्या दिसतात. काही आवरणाला चपट्या बसलेल्या, तर काही बारीक देठावर लोंबणाऱ्या.

येथे एका गल्लतीचा उलगडा केला पाहिजे. कित्येक निरोगी माणसांत, शेकडा दहापासून तीसपर्यंत, जन्मतःच एखादी उपप्लीहा असते. ती गर्भावस्थेत मुख्य प्लीहेपासून अलग राहिलेला अंश होय. ती बहुधा प्लीहेच्या द्वाराजवळ किंवा स्वादुपिंडाच्या शेपटाजवळ आढळते, संख्येने क्वचितच सहाहून अधिक असते, आणि तिला प्लीहारोहिणीची स्वतःची शाखा मिळालेली असते. स्प्लेनोसिस ही उपार्जित गोष्ट आहे, जन्मजात नव्हे. ती कोठेही असू शकते, आणि तिच्यामागे आघाताचा किंवा शस्त्रक्रियेचा इतिहास असावाच लागतो.

कोठेही म्हणजे कोठवर? प्लीहा फुटलेल्या रुग्णांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांत कमीअधिक प्रमाणात असे रोपण होते असा अंदाज आहे. बहुसंख्य गाठी उदरात असतात. लहान आतड्याच्या बाहेरील पृष्ठावर, जठराखाली पडद्यासारख्या लोंबणाऱ्या वपेवर, उदरावरणावर, आतड्यांना धरून ठेवणाऱ्या पटलावर आणि श्वासपटलाच्या खालच्या अंगावर. प्लीहेबरोबर श्वासपटलही फाटले असेल, जसे बंदुकीच्या गोळीने किंवा मोटारीच्या भीषण धडकेत होते, तर कण छातीच्या डाव्या पोकळीत शिरतात आणि फुप्फुसाच्या आवरणावर रुजतात. छातीतील या प्रकाराचे पहिले वर्णन 1937 साली शॉ आणि शाफी यांनी इजिप्तमधील एका तरुणाच्या शवविच्छेदनावरून केले. शस्त्रक्रियेच्या जुन्या व्रणाखाली, त्वचेच्या आत, अशी गाठ सापडल्याची उदाहरणे आहेत. यकृताच्या गाभ्यात ती आढळते तेव्हा कण रक्तप्रवाहातून गेले असावेत असा तर्क करावा लागतो. मेंदूसारख्या ठिकाणीही ती एखाद्या रुग्णात आढळली आहे, आणि तेथे रक्तमार्गाशिवाय दुसरे स्पष्टीकरण संभवत नाही.

या पसाऱ्यामुळेच ती फसवते, आणि ज्या तज्ज्ञाच्या हाती रुग्ण पडतो त्याच्या शास्त्रातील भयाचे रूप धारण करून फसवते. वंध्यत्वाची किंवा ओटीपोटातील दुखण्याची तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीच्या पोटात दुर्बीण घातल्यावर काळ्याजांभळ्या गाठी दिसल्या की स्त्रीरोगतज्ज्ञास एंडोमेट्रिऑसिसची खात्री वाटते. यकृताच्या कडेची गाठ सिटी स्कॅनमध्ये रोहिणीतील औषधाने पहिल्या टप्प्यातच उजळून निघते, आणि रुग्णास काविळीच्या विषाणूची जुनी बाधा असेल तर यकृताच्या कर्करोगाचे निदान ओठांवर येते. फुप्फुसाच्या आवरणावरील गाठी पाहून छातीचा शल्यवैद्य मेसोथेलिओमाची किंवा अन्यत्र पसरलेल्या कर्करोगाची शंका घेतो; पोटातील पसरलेल्या गाठी लिम्फोमाच्या वाटतात; मूत्रपिंडाच्या किंवा आतड्याच्या गाठीसाठी शस्त्रक्रिया करून इंद्रियाचा भाग काढला जातो आणि नंतर रिपोर्ट येतो की ती प्लीहा होती. अलीकडे यात आणखी एक भर पडली आहे. स्वादुपिंडातील न्यूरोएंडोक्राइन जातीच्या गाठी शोधण्यासाठी जी गॅलियम-डोटाटेट नावाची अत्याधुनिक तपासणी करतात, ती पेशींवरील सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाच्या ग्राहकांवर अवलंबून असते, आणि तेच ग्राहक प्लीहेच्या पेशींवरही विपुल असतात. म्हणून स्वादुपिंडाच्या शेपटाजवळ रुजलेली प्लीहा या तपासणीत अगदी त्या गाठीसारखीच चमकते. उपकरण सूक्ष्म झाले म्हणून निदान बिनचूक झाले असे मानण्याची जी प्रवृत्ती वाढीस लागली आहे तिला हे एक गंभीर उत्तर आहे.

आघात आणि शोध यांमध्ये लोटणारा काळ या फसवणुकीस आणखी बळ देतो. उदरातील स्प्लेनोसिस सरासरी दहा वर्षांनी आणि छातीतील सुमारे वीस वर्षांनी लक्षात येते. चाळीस वर्षांनी आढळल्याचीही उदाहरणे आहेत. एवढ्या अवधीत ज्या इस्पितळात शस्त्रक्रिया झाली तेथील कागद नष्ट झालेले असतात, शल्यवैद्य निवृत्त झालेला असतो, आणि रुग्ण तर आपल्या डाव्या कुशीखालचा व्रण अंगवळणी पडल्यामुळे तो सांगण्याजोगा आहे असेच समजत नाही. विद्यार्थिदशेत झाडावरून पडलेला, एस.टी.च्या अपघातात सापडलेला किंवा बैलाने शिंगावर घेतलेला माणूस पन्नाशीत पोटदुखीसाठी आला, तर तो पोटदुखीबद्दल बोलेल. विचारण्याचे कर्तव्य वैद्याचे आहे. या विकारावरील वाङ्मय कितीही चाळले तरी एक गोष्ट पुन्हा पुन्हा प्रत्ययास येते, ती ही की ज्या रुग्णांवर निष्कारण शस्त्रक्रिया झाल्या त्यांच्यापैकी पुष्कळांच्या बाबतीत निदानाची गुरुकिल्ली एका साध्या प्रश्नात होती, आणि तो विचारला गेला नव्हता किंवा विचारला जाऊनही त्याच्या उत्तराचे वजन कोणी ओळखले नव्हते.

शंका आली म्हणजे तिची शहानिशा करण्याचा मार्ग फार सुंदर आहे, आणि तो प्लीहेच्या स्वभावधर्मावरच उभारलेला आहे. रुग्णाचे थोडेसे रक्त काढून त्यातील तांबड्या पेशींवर टेक्नेशियम-99एम या किरणोत्सारी द्रव्याची खूण करतात. मग ती नळी पाण्याच्या पात्रात सुमारे 49 ते 50 अंश सेल्सियस तपमानाला पंधरा-वीस मिनिटे ठेवतात. एवढ्या उष्णतेने पेशी फुटत नाहीत, पण त्यांची लवचिकता जाते, त्या गोलसर आणि ताठर होतात; म्हणजे प्लीहा ज्यांना वृद्ध समजून अडविते अशा पेशींचे रूप त्यांना कृत्रिम रीतीने येते. या पेशी शिरेतून परत रुग्णाच्या देहात सोडल्या की जेथे जेथे प्लीहेचा गर आहे तेथे तेथे त्या अडकतात, आणि गॅमा कॅमेऱ्याखाली ती ती जागा ठळक उमटते. कर्करोगाची गाठ अशा पेशींना अडवीत नाही. म्हणून या तपासणीचा कौल बहुधा निर्णायक ठरतो. टेक्नेशियमचे अर्धायुष्य अवघे सहा तासांचे असल्याने किरणांचा उपसर्गही अल्प. मुंबईत परळ येथे 1963 साली रेडिएशन मेडिसिन सेंटर स्थापन झाल्यापासून आपल्याकडे अणुवैद्यकाची परंपरा चांगली रुजली आहे, आणि ही परीक्षा करण्याजोगी साधने आता मोठ्या शहरांतून उपलब्ध आहेत. सल्फर कोलॉइडची जुनी तपासणीही चालते. पण ते द्रव्य यकृतही शोषून घेत असल्यामुळे यकृतालगतच्या किंवा अगदी लहान गाठी तिच्यात झाकल्या जातात. याउलट सुईने तुकडा काढण्याची घाई येथे हितावह नव्हे, कारण गाठ रक्ताने भरलेली असल्यामुळे रक्तस्रावाचा धोका असतो, आणि सुईत आलेल्या लसिकापेशी पाहून पुन्हा लिम्फोमाचाच भ्रम होण्याचा संभव असतो.

निदान झाले, आता या गाठींचे करावे काय? बहुतेक वेळा काहीच नाही. त्या निरुपद्रवी असतात आणि जन्मभर राहू शकतात. देठावरची एखादी गाठ पिळली जाणे, आतड्याला अडथळा होणे, मूत्रवाहिनीवर दाब येणे किंवा गाठीतून रक्तस्राव होणे असे प्रसंग विरळा येतात, आणि तेव्हा ती गाठ काढणे क्रमप्राप्त ठरते. दुसरा अपवाद अधिक महत्त्वाचा आहे. ज्याची प्लीहा अपघातामुळे नव्हे, तर रक्तविकारामुळे, म्हणजे ती बिंबाणूंचा किंवा तांबड्या पेशींचा अतिरेकी संहार करीत होती म्हणून काढली, त्याच्या उदरात जर शस्त्रक्रियेच्या वेळी गर सांडून राहिला असेल, किंवा एखादी उपप्लीहा नजरेतून सुटली असेल, तर रोग काही वर्षांनी परत डोके वर काढतो. दुर्बिणीच्या साहाय्याने प्लीहा काढण्याची पद्धत रूढ झाल्यापासून हा प्रश्न पुन्हा चर्चेत आला, कारण लहान छिद्रातून बाहेर आणण्यासाठी प्लीहेचे तुकडे करावे लागतात. म्हणून ते तुकडे मजबूत पिशवीत बंद करूनच करावेत आणि एक थेंबही गर बाहेर सांडू नये, असा दंडक घालून दिला गेला आहे.

परंतु अपघाताच्या रुग्णात ज्या गोष्टीला आपण दोष म्हणत नाही, ती वरदान मानावी काय? या प्रश्नाचा इतिहास प्लीहेबद्दलच्या वैद्यकाच्या मताशी गुंतलेला आहे. 1867 साली पॅरिसमध्ये पेआँने प्लीहा यशस्वी रीतीने काढली. 1892 साली ब्रेस्लाऊ येथे रीग्नरने आघाताने फुटलेली प्लीहा काढून रुग्ण वाचविला. आणि रुग्ण वाचतात हे पाहून शल्यशास्त्राने निष्कर्ष काढला की प्लीहेवाचून माणसाचे काही अडत नाही. कोखरसारख्या श्रेष्ठ शल्यवैद्यानेही विसाव्या शतकाच्या आरंभी हेच मत ग्रथित केले. 1919 साली मॉरिस आणि बुलक यांनी उंदरांवरील प्रयोगांतून प्लीहाहीन प्राणी जंतुसंसर्गाला अधिक बळी पडतात हे दाखविले, पण त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. 1952 साली किंग आणि शूमॅकर यांनी आनुवंशिक रक्तविकारासाठी प्लीहा काढलेल्या पाच तान्ह्या मुलांना पुढे घोर जंतुसंसर्ग झाल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा कोठे वैद्यकजगत् खडबडून जागे झाले. 1973 साली सिंगरने 2,795 रुग्णांचा आढावा घेतला, आणि त्यातून एक लक्षणीय भेद दिसून आला: थॅलसेमियासाठी प्लीहा काढलेल्यांत गंभीर संसर्गाचे प्रमाण शेकडा 25 च्या घरात होते, तर अपघातामुळे काढलेल्यांत ते शेकडा दीडच्या आसपास होते.

हा भेद कशामुळे? मूळ रोगाचा वाटा तर त्यात होताच. पण 1978 साली येल येथील पिअर्सन आणि त्यांचे सहकारी यांनी एक अभिनव पुरावा पुढे आणला. प्लीहा नसली की पृष्ठावर बारीक खळगे दिसणाऱ्या तांबड्या पेशींचे प्रमाण वाढते, कारण त्या पेशींची साफसफाई करणारे कोणी नसते. विशिष्ट सूक्ष्मदर्शकाखाली त्या मोजता येतात. निरोगी माणसात त्या शेकडा एक-दोनच्या आत असतात. पिअर्सन यांनी अपघातानंतर प्लीहा काढलेल्या मुलांचे रक्त तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांत ही संख्या प्लीहाहीन माणसात असावी त्याहून पुष्कळच कमी भरली. म्हणजे त्यांच्या पोटात कोठेतरी प्लीहेचे काम चालू होते. यातूनच पुढे कल्पना निघाली की जी प्लीहा वाचविणे अशक्यच आहे तिचे तुकडे शल्यवैद्याने आपल्या हाताने वपेच्या घडीत ठेवावेत आणि निसर्ग जे योगायोगाने करतो ते योजनापूर्वक घडवून आणावे. अशा शस्त्रक्रिया जगात अनेक ठिकाणी झाल्या, तुकडे रुजले, रक्तातील खुणाही सुधारल्या.

तरीही या प्रश्नाचा निकाल आशावाद्यांच्या बाजूने देता येत नाही, आणि तो का देता येत नाही हे नीट समजून घेतले पाहिजे. तांबड्या पेशी स्वच्छ करणे हे एक काम आणि न्यूमोकोकसला रक्तातून हुसकून लावणे हे दुसरे. पहिल्यासाठी तांबड्या गराचा लहानसा अंशही पुरतो. दुसऱ्यासाठी गराचे पुरेसे वस्तुमान लागते, साधारणपणे मूळ प्लीहेचा तिसरा हिस्सा तरी असावा असे प्रयोगांवरून मानले जाते. पांढरा गर आणि त्याच्या सीमेवरचा विशिष्ट पट्टा परिपूर्ण असावा लागतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रक्ताचा प्रवाह मोठा असावा लागतो, जो बारीक वाहिन्यांवर पोसलेल्या गाठीला मिळत नाही. पोटात स्प्लेनोसिसच्या गाठी असूनही प्लीहाहीनतेच्या घोर संसर्गाने रुग्ण दगावल्याचे शवविच्छेदनांतून दिसून आले आहे. या संसर्गाची गती भयंकर असते. सकाळी थंडी वाजून ताप आला, साधा फ्लू म्हणून दुर्लक्ष झाले, आणि दुसऱ्या दिवशी रुग्ण हाताबाहेर गेला, असा त्याचा क्रम असतो; उपचार मिळूनही निम्मे रुग्ण दगावतात. अशा रोगाच्या तोंडी, रक्ताच्या एका चाचणीच्या आधारे, तुझी प्लीहा पुन्हा उगवली आहे आता चिंता नको, असे रुग्णास सांगणे मला सर्वथा अनुचित वाटते. स्प्लेनोसिस असलेल्या माणसाला प्लीहाहीनच समजून वागवावे. गाठींनी काही रक्षण केलेच तर ते वरकड समजावे.

याहून श्रेयस्कर मार्ग म्हणजे मूळ प्लीहाच शक्य तोवर राखणे, आणि या बाबतीत एका भारतीयाचे नाव आदराने घेतले पाहिजे. टोरांटोच्या बालरुग्णालयात मुलांची फुटलेली प्लीहा न काढता निगराणीखाली ठेवून बरी करण्याचा प्रघात काही शल्यवैद्यांनी पाडला होता. तेथील अनुभव उपाध्याय आणि सिम्पसन यांनी 1968 साली प्रसिद्ध केला, आणि प्लीहेचा रक्तस्राव मुलांमध्ये पुष्कळदा आपोआप थांबतो हे तत्त्व जगापुढे आले. हे उपाध्याय पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत बालशल्यविशारद म्हणून विख्यात झाले. पोट उघडून फुटलेली प्लीहा तत्काळ काढलीच पाहिजे, हा तेव्हाचा अलिखित कायदा असताना वाट पाहण्याचा सल्ला देणे हे धैर्याचे काम होते. आज रक्तदाब स्थिर असलेल्या रुग्णात, मूल असो वा प्रौढ, हीच पद्धत प्रमाण मानतात. त्यात सिटी स्कॅनने जखमेची प्रत ठरवून रुग्णाला निगराणीखाली ठेवतात आणि आवश्यक तेथे रोहिणीत नळी घालून रक्तस्राव करणारी शाखा बंद करतात.

पण सर्वच प्लीहा वाचत नाहीत. महामार्गावर चिरडलेला, रक्ताचा दाब ढासळलेला तरुण जेव्हा तालुक्याच्या इस्पितळात आणला जातो तेव्हा तेथील शल्यवैद्याने प्लीहा काढून त्याचा जीव वाचविणे हेच उचित असते, आणि त्या निर्णयास कोणी नाव ठेवू नये. मात्र त्यानंतरची तजवीज आपल्याकडे फार ढिसाळ होते, आणि माझा आग्रह तेथेच आहे. तातडीच्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे 14 दिवसांनी, किंवा रुग्ण परत येईल याची शाश्वती नसेल तर घरी सोडण्यापूर्वीच, न्यूमोकोकस, हिमोफिलस आणि मेनिंगोकोकस यांच्या लसी टोचल्या पाहिजेत, आणि दरवर्षी फ्लूची लस. ताप आला की त्याच तासाला घ्यावयाची प्रतिजैविके घरात असली पाहिजेत. हिवतापाच्या प्रदेशात जाताना प्रतिबंधक औषध घेतले पाहिजे, आणि कुत्रा चावला तर जखम लहान दिसली तरी डॉक्टरास प्लीहा नसल्याचे सांगितले पाहिजे, कारण कुत्र्याच्या लाळेतील एक जंतू अशा माणसास प्राणघातक ठरतो. आणि डिस्चार्ज कार्डावर रुग्णाला वाचता येईल अशा मराठीत, ठळक अक्षरांत, पुढील गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: प्लीहा काढली आहे, अमुक तारखेला, अमुक कारणासाठी, प्लीहा फुटली होती व गर उदरात सांडला होता, श्वासपटल फाटले होते अथवा नव्हते. शेवटच्या दोन ओळी लिहिण्यास शल्यवैद्याला अर्धा मिनिट लागेल. वीस वर्षांनी दुसऱ्या शहरात, दुसऱ्या डॉक्टरापुढे, छातीतल्या किंवा पोटातल्या गाठींचा सिटी स्कॅन घेऊन तोच माणूस बसलेला असेल तेव्हा त्याच्या पुढच्या शस्त्रक्रियेचा निर्णय या दोन ओळींवर ठरण्याचा संभव आहे. म्हणून त्या कार्डाची एक प्रत रुग्णाच्या घरच्यांपाशी आणि एक त्याच्या नेहमीच्या डॉक्टराच्या फाईलीत राहील अशी व्यवस्था इस्पितळानेच करावी.